आधी पाणी, मग मजले: ठाणे-नवी मुंबईत आपल्या भागाचा विकास आराखडा कसा तपासावा

२०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर काही काळ बंदी घातली होती. जनहित याचिका पाणीटंचाईची होती. इमारती पूर्ण होत होत्या, लोक कर्ज काढून राहायला येत होते आणि टँकरची वाट पाहत होते. बंदी पुढे उठली, कामे पुन्हा सुरू झाली. पण एवढ्या माणसांना पाणी कुठून देणार आणि कधी देणार, हा त्या याचिकेतला प्रश्न आजही दोन्ही शहरांतल्या प्रत्येक प्रभागात विचारावा लागतो.

आपल्याकडे योजनांची वाण नाही. मेट्रो आहे, राष्ट्रीय उद्यानाखालून बोरिवलीपर्यंत जाणारा जुळा बोगदा आहे, अटल सेतू आहे, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. उणीव आहे ती क्रमाची. घर, पाणी, रस्ता, लोकल, शाळा, रोजगार यांतले काय कोणत्या वर्षी येणार, हे एका कागदावर कुणी मांडत नाही. प्रत्येक खात्याकडे आपापला कागद असतो. म्हणून वरातीमागून घोडे येते आणि मधली दहा-बारा वर्षे रहिवासी काढतात.

तो एक कागद आपल्या भागापुरता कसा तयार करायचा आणि योग्य वेळी योग्य टेबलावर कसा ठेवायचा, ते इथे क्रमाने सांगतो. सोसायट्यांचा महासंघ, गावठाणातले मंडळ किंवा एखाद्या संकुलातले चार-पाच उत्साही लोक हे करू शकतात. अभियंता असण्याची गरज नाही. नकाशा वाचणारा एक, हिशेब करणारा एक आणि कार्यालयात जाऊन बसण्याची चिकाटी असलेला एक, एवढे पुरते.

पायरी १: कोणाच्या हातात काय आहे ते लिहून काढा

हे आधी केले नाही तर पुढची सगळी पत्रे चुकीच्या दारात जातात.

ठाण्यात विकास आराखडा, म्हणजे येत्या वीस वर्षांत कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा नकाशा आणि अहवाल, महापालिका करते आणि बांधकाम परवानगीही तीच देते. पण मेट्रो आणि मोठे उड्डाणपूल एमएमआरडीएचे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), लोकल चालवणे रेल्वेचे, उपनगरी मार्गांची वाढ एमआरव्हीसीची (मुंबई रेल्वे विकास महामंडळ). पाण्याचा काही वाटा पालिकेच्या भातसा नदीवरच्या स्वतःच्या योजनेतून, काही स्टेम या पाणीपुरवठा प्राधिकरणाकडून, काही एमआयडीसीकडून (राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ) आणि काही मुंबई महापालिकेकडून येतो. घोडबंदर रस्त्यावर तर वर्षानुवर्षे मुख्य मार्गिका एका खात्याची, शेजारचा सेवा रस्ता दुसऱ्याचा, मधले मेट्रोचे खांब तिसऱ्याचे आणि खालची जलवाहिनी पुन्हा पालिकेची, अशी वाटणी राहिली. एकाच खड्ड्याची तक्रार चार ठिकाणी का फिरते, ते यावरून कळेल.

नवी मुंबईतला गुंता वेगळा आहे. सिडको हे नवी मुंबई वसवणारे राज्य सरकारचे महामंडळ. ती १९७० मध्ये स्थापन झाली, जमीन तिच्याकडे आली. महापालिका १ जानेवारी १९९२ ला आली. त्यामुळे नियोजन पालिकेचे आणि भूखंड सिडकोचे, अशी स्थिती आहे. पालिकेने आपल्या पहिल्या विकास आराखड्यात सिडकोच्या मोकळ्या भूखंडांवर सार्वजनिक सोयींची आरक्षणे टाकली तेव्हा नेमका यावरूनच वाद झाला, प्रसिद्धी रखडली, आणि प्रारूप आराखडा ऑगस्ट २०२२ मध्ये हरकतींसाठी लोकांपुढे आला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात बांधकाम परवानगी एमआयडीसी देते, रस्त्यावर भार मात्र सगळ्या शहराचा पडतो. खारघर, कळंबोली, तळोजा हा भाग २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे. विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडको नगररचना परियोजना राबवते, म्हणजे जमिनी एकत्र करून रस्ते-सोयींना जागा काढते आणि मालकांना नव्याने आखलेले भूखंड परत देते. अटल सेतूपलीकडच्या उरण-पनवेल-पेण भागातल्या १२४ गावांसाठी २०२४ मध्ये एमएमआरडीएला नवनगर प्राधिकरण नेमले गेले.

या सगळ्यांच्या वर एमएमआरडीएची प्रादेशिक योजना आहे. सध्याची २०१६ ते २०३६ या काळाची असून ती २०२१ मध्ये मंजूर झाली. कोणत्या पट्ट्यात वाढ व्हावी, रोजगाराची केंद्रे कुठे असावीत, कोणती जमीन हरित ठेवावी, हे त्यात ठरते. बहुतेक लोक ती उघडतच नाहीत. तुम्ही उघडा. हरकतीत तिचा आधार दिला की अधिकाऱ्याला ती सहज बाजूला सारता येत नाही.

एका कागदावर तीन रकाने पाडा: सोय, निर्णय कोणाचा, पैसा कोणाचा. दुसरा आणि तिसरा रकाना जिथे जुळत नाही तिथे विलंब होणार, हे धरून चाला.

पायरी २: आराखडा मिळवा, आणि नकाशाआधी अहवाल वाचा

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा या सगळ्याचा पाया. त्याप्रमाणे आधी विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो, म्हणजे आज जमिनीवर काय आहे ते. मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. ठाण्याचा सुधारित प्रारूप आराखडा ऑक्टोबर २०२४ मध्ये असाच प्रसिद्ध झाला.

तीन गोष्टी हातात हव्यात: आपल्या भागाचा विद्यमान भूवापर नकाशा, त्याच भागाचा प्रस्तावित नकाशा आणि आराखड्याचा लेखी अहवाल. लोक थेट नकाशात आपली इमारत शोधतात. ते समजण्यासारखे आहे, पण खरी माहिती अहवालात असते. येत्या वीस वर्षांत लोकसंख्या किती धरली, माणशी पाणी किती धरले, पैसा किती लागेल आणि तो कुठून येईल, हे तिथेच लिहिलेले असते. लोकसंख्येचा अंदाज चुकला की त्यावर उभे केलेले सगळेच चुकते.

नकाशा वाचताना आधी सूची पाहा. साधारणपणे पिवळा निवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, हिरवा मोकळ्या जागांचा. आपला सर्व्हे नंबर सातबारावरून किंवा मालमत्ता पत्रकावरून घ्या. मग दोन्ही नकाशे शेजारी ठेवून तीन खुणा करा: आज मोकळे आहे पण पुढे पिवळे दाखवले आहे असे तुकडे, आज कारखाना आहे पण पुढे निवासी किंवा मिश्र वापराचा दाखवला आहे अशा जागा, आणि आरक्षण दाखवले आहे पण त्यावर आधीच इमारत उभी आहे असे भूखंड. तिसऱ्या प्रकारचे आरक्षण कागदावर सोय दाखवते, प्रत्यक्षात ती कधीच मिळणार नाही. ते एकूण हिशेबातून वजा करा.

आणखी एक बारकावा. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत समावेशक आरक्षणाची सोय आहे. जमीनमालक आरक्षणाचा ठरलेला हिस्सा विकसित करून पालिकेला देतो आणि उरलेल्यावर स्वतः बांधतो. पालिकेला फुकटात सोय मिळते हे खरे. पण त्यामुळे नकाशात अख्खा भूखंड रंगवलेला आणि हातात त्याचा तुकडा, असे होऊ शकते. कोणत्या आरक्षणाला हा मार्ग लागू आहे आणि किती हिस्सा पालिकेकडे येईल, ते विचारून घ्या.

पायरी ३: माणसे मोजा

२०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, नवी मुंबई महापालिका क्षेत्राची अकरा लाखांवर. त्यानंतरचे नवे जनगणनेचे आकडे नाहीत, आणि घोडबंदर, दिवा, घणसोली, तळोजा हे भाग तर या मधल्या काळातच झपाट्याने भरले. म्हणून जुन्या आकड्याला टक्केवारीने फुगवून वापरू नका. आपल्या भागाची मोजणी स्वतः करा.

आधार चार आहेत: मालमत्ता कराची निवासी खाती, नळजोडण्या, मतदारयादी आणि महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारे राज्याचे प्राधिकरण) संकेतस्थळावर नोंदलेले चालू प्रकल्प. शेवटचा आधार सर्वांत मोलाचा, कारण तो उद्याची माणसे दाखवतो. प्रत्येक प्रकल्पाच्या नोंदीत सदनिकांची संख्या आणि पूर्ण होण्याची जाहीर तारीख असते. आपल्या दोन-तीन किलोमीटर परिसरातले सगळे प्रकल्प एका तक्त्यात उतरवा आणि तारखेप्रमाणे लावा. कोणत्या वर्षी किती कुटुंबे येणार, हे त्यातून दिसते. सरकारी अहवालात हे एवढे स्पष्ट सहसा सापडत नाही.

आता हिशेब. समजा तुमच्या तक्त्यात १०,००० नव्या सदनिका निघाल्या. कुटुंबात सरासरी चार माणसे धरली तर ४०,००० लोक. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी हा केंद्राच्या मार्गदर्शक पुस्तिकेतला निकष आहे. म्हणजे रोज ५४ लाख लिटर. वाटेत १५ टक्के गळती धरली तर उगमाकडे सुमारे ६३ लाख लिटर हवे. वापरलेल्या पाण्याचा साधारण ८० टक्के भाग सांडपाणी होतो, म्हणजे ४३ लाख लिटर. नगरनियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दर ५,००० लोकवस्तीला एक प्राथमिक शाळा सांगितली आहे, म्हणजे आठ शाळा. मोकळी जागा माणशी १० ते १२ चौरस मीटर. दहानेच गुणले तरी चार लाख चौरस मीटर होतात, म्हणजे जवळपास १०० एकर. आपल्या भागात १०० एकर मोकळे कुठे उरले आहे, ते नकाशात शोधा. हा एक आकडा सभेत वाचून दाखवला की लोक कान टवकारतात.

पायरी ४: पाण्याची साखळी तपासा

"धरणात पाणी भरपूर आहे" हे उत्तर स्वीकारू नका. पाण्याच्या वाटेत पाच टप्पे असतात: मंजूर कोटा, प्रत्यक्ष उचल, शुद्धीकरण केंद्राची क्षमता, मुख्य जलवाहिनीची क्षमता, आणि आपल्या भागातल्या जलकुंभाची साठवण. या पाचांत जो आकडा सर्वांत लहान, तेवढेच पाणी नळाला येते. पाचही आकडे वेगवेगळे मागा.

ठाण्याचे स्वतःचे धरण नाही, हे शहराचे सर्वांत मोठे दुबळेपण. काळू आणि शाई धरणांची नावे वर्षानुवर्षे ऐकू येतात, पण विस्थापन आणि वनजमिनीचे प्रश्न सुटलेले नाहीत. मुरबाड-शहापूरच्या आदिवासी पाड्यांची जमीन घेऊन आपल्या मजल्यांना पाणी द्यायचे का, हा प्रश्न ठाणेकरांनीही स्वतःला विचारायला हवा. म्हणून अशा धरणाचे पाणी तुमच्या तक्त्यात शून्य धरा. त्याऐवजी गळती किती कमी होऊ शकते आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी बागा, बांधकाम आणि उद्योगांना किती देता येईल, ते मोजा. तेवढे पाणी आपल्या हातचे आहे.

नवी मुंबई महापालिका या बाबतीत नशीबवान नव्हे, दूरदृष्टीची. खालापूरजवळ धावरी नदीवरचे मोरबे धरण तिने स्वतःकडे घेतले. त्याची क्षमता रोज ४५० दशलक्ष लिटरची. तरी तिथेही दिघा-ऐरोली बाजूच्या काही वस्त्या एमआयडीसीच्या बारवी धरणाच्या पाण्यावर राहिल्या, आणि पालिकेच्या हद्दीबाहेर खारघर-तळोजात सिडकोला हेटवणे धरणातून मिळणाऱ्या पाण्यावर भिस्त असल्याने टंचाई जाणवत राहिली. शहर एकच दिसते, पण नळ कोणाचा त्यावर पाणी ठरते. आपला नळ कोणाचा, ते नक्की करा.

पायरी ५: सकाळी नऊचा हिशेब

प्रवासाचे नियोजन दिवसाच्या सरासरीवर करू नका. शहर सकाळी ८ ते १० मध्ये अडते.

मघाच्या १०,००० घरांतून १५,००० माणसे कामाला जातात असे धरू. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे ३,००० माणसे, एकेकटी कारने दोन तासांत निघाली तर तासाला १,५०० गाड्या. शहरातल्या मुख्य रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण १,२०० गाड्या जातात. म्हणजे फक्त या नव्या घरांसाठी एक मार्गिका लागेल आणि तीही पुरणार नाही. हीच माणसे ५० आसनांच्या बसने गेली तर तासाला ३० बस पुरतात, दोन मिनिटांना एक. म्हणून रस्तारुंदीच्या आधी बसथांबा, बस आगाराचे आरक्षण आणि स्थानकापर्यंतचा चालण्याजोगा पदपथ मागा. ठाण्यात आणि नवी मुंबईत बस आगारांच्या जागांवर व्यापारी संकुलांचा डोळा असतो. आराखड्यात त्या जागेचा वापर काय लिहिला आहे ते शब्दशः वाचा.

रेल्वेच्या बाबतीत एक उदाहरण नीट समजून घेण्यासारखे आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर मार्ग सुरू झाला आणि कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला ऐरोली, रबाळे, महापे इथली नोकरी जवळ आली. आयटी पार्क वाढले, घरे तिकडे वाढली आणि दोन्हींचा भार ठाणे स्थानकावर आला. गर्दीच्या वेळी फलाट क्रमांक नऊ-दहावरचा जिना जे चढले आहेत त्यांना हे सांगायला नको. त्यावरचा उपाय म्हणजे कल्याणकडच्या प्रवाशाला ठाण्याला गाडी न बदलता नवी मुंबईत नेणारा कळवा-ऐरोली उन्नत मार्ग. त्याचाच भाग असलेले दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाले, पण मूळ जोडमार्ग पुनर्वसनाच्या प्रश्नात अडकला. नोकऱ्या आल्या, घरे आली, मधला दुवा राहिला. आपल्या भागात असा राहिलेला दुवा कोणता, तो शोधा आणि हरकतीत एकाच वाक्यात लिहा.

पायरी ६: काम कुठे आहे?

आराखड्यावरच्या चर्चेत घरांबद्दल सगळे बोलतात, रोजगाराच्या जमिनीबद्दल फार थोडे. १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात वागळे इस्टेटमधून झाली. ठाण्याचा कामगार चालत किंवा सायकलवर कारखान्यात जात असे. पुढे पोखरण रस्ता, कोलशेत, माजिवडा इथले कारखाने बंद पडले किंवा हलले आणि त्या जमिनींवर निवासी संकुले उभी राहिली. घरे वाढली, ठाण्यातला रोजगार त्या प्रमाणात वाढला नाही, आणि प्रत्येक नवे कुटुंब सकाळच्या गर्दीत दोन प्रवासी घालू लागले.

नवी मुंबईची कल्पनाच मुळी उलट होती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची मांडणी केली तेव्हा नोकऱ्याच तिकडे न्याव्यात असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईच्या दक्षिण टोकावरची सरकारी कार्यालये मात्र हलली नाहीत. कृषी उत्पन्न बाजार समितीचे बाजार तुर्भ्याला आले, ते खरे टिकाऊ रोजगार ठरले. वाशीचा खाडीपूल सत्तरच्या दशकात झाला आणि लोकल मे १९९२ मध्ये वाशीला आली. तो विलंब शहराला महागात पडला. त्यातून एक चांगली गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे: इथल्या रेल्वेमार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, तोही जमीनविक्रीच्या पैशातून. जमिनीची किंमत रेल्वेमुळे वाढते, मग त्या वाढीतून रेल्वेचा खर्च निघावा, हे सूत्र आजच्या प्रत्येक मेट्रो स्थानकाच्या परिसरालाही लावता येते. वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाचा हक्क, विकून आलेला पैसा त्याच पट्ट्यात खर्च होतो का, हे विचारा.

तपासणीसाठी एवढे करा: आपल्या भागातली जांभळी आणि निळी जमीन जुन्या आराखड्यात किती होती, नव्यात किती आहे, ते चौरस मीटरमध्ये लिहा. कमी झाली असेल तर हरकत घ्या. निवासी वापरात बदल करायचाच असेल तर ठरावीक हिस्सा कामाच्या जागांसाठी राखावा, अशी मागणी करा.

आणि काम म्हणजे फक्त काचेच्या इमारतींतली नोकरी नव्हे. सुरक्षारक्षक, मोलकरणी, चालक, भाजीवाले, डिलिव्हरीची मुले दिवा, मुंब्रा, तुर्भे, दिघ्याहून येतात. त्यांच्या घरांचा प्रश्न आराखड्यात सुटला नाही तर तो अनधिकृत इमारतीत सुटतो, आणि तिथे ना गटार असते ना अग्निशमन बंब जाण्याइतका रस्ता. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांच्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याची तरतूद नियमावलीत आहे. आपल्या परिसरातल्या प्रकल्पांत ती घरे कुठे बांधली, किती वाटली गेली, याची यादी मागा. गावठाणांबाबतही हेच. नवी मुंबईसाठी जमिनी दिलेल्या प्रकल्पग्रस्तांच्या वाढत्या कुटुंबांसाठी गावठाण विस्तार वेळेवर झाला नाही, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून मिळालेल्या साडेबारा टक्के योजनेनेही (घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या प्रमाणात विकसित भूखंड परत देणारी) तो प्रश्न पूर्ण सुटला नाही. गावठाणातल्या गल्ल्या नव्या आराखड्यात कशा दाखवल्या आहेत ते तिथल्या मंडळाबरोबर बसून पाहा. सोसायट्या आणि गावकरी यांनी वेगवेगळ्या हरकती देण्यापेक्षा सामाईक मुद्द्यांवर एकत्र देणे कितीतरी वजनदार ठरते.

पायरी ७: भरतीच्या वेळचा पाऊस

हा भाग थोडक्यात, पण टाळू नका. नवी मुंबईचा बराच सखल भाग भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवणारे धारण तलाव बांधले. त्यांत गाळ साचला, कांदळवन उगवले आणि गाळ काढायची परवानगी अवघड झाली. ठाण्यात नाले डोंगरातून येतात आणि खाडीला मिळतात. आपल्या भागातला नाला आराखड्यात किती रुंद दाखवला आहे आणि जागेवर किती आहे, ते टेपने मोजा, फोटो काढा. कांदळवनापासून ५० मीटरच्या पट्ट्यात प्रस्तावित रस्ता किंवा बांधकाम दिसले तर ते स्वतंत्र हरकतीत लिहा. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, हा आधारही द्या.

पायरी ८: तारखांचा तक्ता

सगळ्या मेहनतीचा गाभा इथे आहे. एका बाजूला वर्षे, एका बाजूला सोयी. पहिल्या ओळीत महारेरावरून काढलेली दरवर्षी येणारी कुटुंबे. खाली पाणी, सांडपाणी, बस, मेट्रो, शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र. प्रत्येक सोयीपुढे दोन तारखा: जाहीर केलेली आणि सावध अंदाजाची.

सावध तारीख काढायला त्या प्रकल्पाचा टप्पा पाहा. घोषणा, सविस्तर प्रकल्प अहवाल, प्रशासकीय मंजुरी, निधी, भूसंपादन, निविदा, कार्यादेश, काम, लोकार्पण. माझा नियम कडक आहे: कार्यादेश निघालेला नाही आणि जमीन ताब्यात नाही, तोवर ती सोय येत्या पाच वर्षांच्या हिशेबात धरायची नाही. बेलापूर-पेंधर मेट्रो ११ किलोमीटरची. काम २०११ मध्ये सुरू झाले आणि ती १७ नोव्हेंबर २०२३ ला धावली. या काळात तळोजात घरे घेतलेल्यांनी रिक्षाच्या भाड्यात किती पैसे घातले असतील! ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्थानके, उद्दिष्ट २०२९. ती व्हावी असे मनापासून वाटते. पण २०२७ मध्ये ताबा मिळणाऱ्या इमारतीला पुरेशी वाहतूक आहे, असे तिच्या भरवशावर कुणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका.

तक्त्यात जिथे घरांचे वर्ष सोयीच्या सावध वर्षाच्या आधी येते तिथे लाल खूण करा. त्या लाल खुणा म्हणजेच तुमच्या हरकती.

पायरी ९: माहिती अधिकाराचा अर्ज

तक्त्यातली रिकामी घरे यातून भरायची. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील. अर्ज राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो.

"पाणी का येत नाही" असे विचारू नका. अशा प्रश्नांना उत्तर द्यायला अधिकारी कायद्याने बांधील नाही. कागद मागा. उदाहरणार्थ: "माजिवडा-मानपाडा प्रभाग समिती क्षेत्रातील प्रत्येक जलकुंभाची क्षमता व मागील १२ महिन्यांतील मासिक पाणीपुरवठ्याच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात." दुसरा अर्ज शहर विकास विभागाकडे: त्याच क्षेत्रात मागील तीन वर्षांत दिलेल्या प्रारंभ प्रमाणपत्रांची (बांधकाम सुरू करण्याच्या परवानग्यांची) यादी, सदनिकांच्या संख्येसह. तिसरा पाणी विभागाकडे: त्या परवानग्यांपूर्वी दिलेल्या ना-हरकत दाखल्यांच्या प्रती. हे तीन कागद शेजारी ठेवले की बाकी बोलावे लागत नाही.

आराखडा प्रसिद्ध होण्याची वाट पाहून अर्ज करू नका. हरकतींची मुदत साधारण महिन्याची असते, उत्तराचीही तेवढीच. मुदत वाढू शकते, नवी मुंबईत आणि ठाण्यात ती वाढलीही, पण त्यावर विसंबू नये.

पायरी १०: हरकत लिहिणे आणि सुनावणीला उभे राहणे

एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स प्रती देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. संख्येचा परिणाम होतो, पण त्या सगळ्या एकाच गठ्ठ्यात बांधून एकाच उत्तराने निकाली निघतात. त्यापेक्षा दहा वेगवेगळ्या, नेमक्या हरकती द्या आणि प्रत्येकीला शंभर सह्या जोडा.

प्रत्येक हरकतीत पाच गोष्टी हव्यात: नकाशाचा पत्रक क्रमांक आणि आरक्षण किंवा सर्व्हे क्रमांक, आराखड्यातला प्रस्ताव, त्यातली अडचण, आकड्यांचा आधार, आणि नेमकी मागणी. मागणी करता येण्याजोगी असावी. "घोडबंदरचा प्रश्न सोडवा" ही मागणी होत नाही. अशी लिहा: "या क्षेत्रात वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकाची परवानगी जलकुंभ कार्यान्वित होण्याशी जोडावी, जलकुंभ सुरू होईपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने द्यावे." हरकत शेवटच्या दिवशी नको, आणि पोच शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणी हवी, हे अर्जातच लिहा.

कलम २८ प्रमाणे नियोजन समिती हरकती ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चारपर्यंत जाणकार असतात. मागचे आराखडे प्रशासकांच्या काळात प्रसिद्ध झाले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर दोन्ही शहरांत पुन्हा नगरसेवक आले आहेत, त्यामुळे आपल्या नगरसेवकाला सुनावणीआधी तक्ता समजावून सांगा. ताई असोत वा दादा, त्यांच्या हातात एक पानच द्या, फाइल नको.

सुनावणीत वेळ थोडा मिळतो. एकाने बोलावे. नकाशाचा मोठा केलेला तुकडा, एक आकडा, एक मागणी. बिल्डरांना शिव्या देण्यात ती मिनिटे घालवू नका. समितीपुढे जमीनमालक आपली जागा आरक्षणातून सोडवायला वकील घेऊन आलेले असतात. सार्वजनिक सोय टिकवा म्हणून सांगणारे फार कमी येतात. म्हणून आपल्या भागातले चांगले आरक्षण असेल तर त्याच्या बाजूनेही लेखी सूचना द्या. ते राहू द्या, असे म्हणणारा कागदच नोंदीत नसेल तर ते उठवणे सोपे जाते.

पायरी ११: मंजुरीनंतरची पहारेदारी

समितीच्या अहवालानंतर आराखडा राज्य शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो. मोठे बदल असलेले भाग वगळून पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध केले जातात. राजपत्रातली ती दुसरी सूचना बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ती शोधण्याची जबाबदारी आपल्यातल्या एकाला नावानिशी द्या.

पुढे दोन कलमे लक्षात ठेवा. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतो आणि त्यासाठी एक महिन्याच्या मुदतीची सूचना निघते. मैदान किंवा शाळेचा भूखंड अशाच छोट्या सूचनेतून हलतो. कलम १२७ जास्त धोक्याचे आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जमीन घ्या अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. आपल्या भागातल्या आरक्षणांची यादी करून प्रत्येकापुढे दहावे वर्ष कोणते ते लिहा. ते वर्ष यायच्या दोन वर्षे आधीपासून संपादनासाठी तरतूद मागायला सुरुवात करा.

तरतूद अर्थसंकल्पात होते. पालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत येतो, पण कामांची यादी त्याआधी काही महिने विभागांत तयार होत असते. म्हणून दिवाळी झाली की प्रभाग समिती कार्यालयात, नवी मुंबईत विभाग कार्यालयात, तारखांचा तक्ता घेऊन जा आणि लाल खुणा असलेल्या सोयींपैकी तीनच कामे लेखी मागा. मार्चमध्ये मंजूर अर्थसंकल्पाची प्रत घेऊन त्या तिन्हींपुढे किती रक्कम पडली ते तक्त्यात भरा, आणि महारेरावरून नव्या प्रकल्पांची ओळ त्याच दिवशी अद्ययावत करा.